फोनवरची वैदेही

फौजेतले निवृत्त सुभेदार संपतराव काटकर यांच्या शेजारी बसून सिनेमा बघायला आमच्या सोसायटीत कुणी तयार नसतं. माणूस लाखमोलाचा. लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावरच्या आजींचं सामान स्वतः वर नेऊन देणारा. पण पडद्यावर वर्दीतला कुणी दिसला, की सुभेदारांचं तोंड सुरू होतं.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. नागपूरहून नोकरीसाठी दिल्लीला आले, एका मंत्रालयाच्या विधी विभागात चिकटले आणि तिथल्याच द्वारका भागात स्थिरावले. मजल्यावर मराठी घरं दोनच, त्यामुळे काटकरांकडे माझी ऊठबस घरच्यासारखी. गेल्या सव्वीस जानेवारीला क्लब हाऊसमध्ये मोठा पडदा लावून ‘फौलादी चौकी’ नावाचा सिनेमा दाखवला, तेव्हा मी त्यांच्याच रांगेत होते.

“हा कॅप्टन आहे का मेजर?” संपतरावांनी सुरुवात केली. “खांद्यावर एक सांगतोय, डायलॉग दुसरंच सांगतोय.”

“काका, बघू द्या ना.”

“आणि बर्फात बाह्या दुमडून कोण फिरतं? दंडाच्या बेडक्या दाखवायच्यात म्हणून? आणि केस बघा केस! मानेवर रुळतायत. आमच्या सीओंनी, कमांडिंग साहेबांनी, याला तिथंच उभा करून भादरला असता.”

पुढच्या रांगेतल्या मल्होत्राजींनी मागे वळून बघितलं, मग खुर्ची उचलून भिंतीकडे नेली. शेवटी हिरोला छातीत गोळ्या लागल्या आणि त्याने मातृभूमीवर लांबलचक भाषण केलं. सगळा हॉल हुंदके देत होता. संपतराव मात्र हळूच म्हणाले, “गोळी लागल्यावर माणूस पाणी मागतो हो. भाषण नाही करत.” त्यानंतर मलाही तो सिनेमा नीट बघता आला नाही.

त्यांच्या बायकोची, शेवंताकाकूंची, पारख निराळी. खरं-खोटं त्यांच्या खिजगणतीत नसतं. “मन लागलं पाहिजे,” हा त्यांचा एकच नियम. मुलगा राजवर्धन बंगळुरूला असतो. त्याने मोठ्या हौसेने एक गाजलेली वेब सिरीज लावून दिली, तर दोन भाग बघून काकूंनी विचारलं, “ही सगळी माणसं अंधारात का बसतात? घरात लाईट नाही का?” स्वयंपाकाच्या स्पर्धांवर त्यांचा राग. “परीक्षक एक घास खातो आणि डोळे मिटतो. पोटभर जेव आणि मग सांग की कसं झालंय!” एकदा आम्ही दोघी मॉलमध्ये एक नावाजलेला सिनेमा बघायला गेलो. शेवटी नायिका स्टेशनवर उभी राहते, गाडी येते आणि पडदा काळा होतो. ती गाडीत चढली की नाही, कळतच नाही. काकू खुर्चीतून उठेनात. “तिकीट पुरं घेतलं ना? मग गोष्ट अर्धी का?” झाडूवाला आला तरी त्या बसूनच होत्या.

त्यांची सगळ्यात लाडकी मालिका ‘तुळशीकाठची वैदेही’. रोज संध्याकाळी, सोमवार ते शनिवार. मोठा वाडावजा बंगला, त्यात गरिबाघरची सून वैदेही, खाष्ट सासू अक्कासाहेब आणि नेहमी बाहेरगावी असणारा नवरा. त्या अर्ध्या तासात संपतरावांना हॉलमध्ये प्रवेशबंदी होती. “एका वेळी एकच बोलणार,” काकू म्हणायच्या, “एक तर तुम्ही, नाहीतर वैदेही.” सुभेदार गुपचूप गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे.

मग सोनमचं बाळंतपण आलं.

सोनम ही काटकरांची धाकटी. ती आणि तिचा नवरा आशय फरीदाबादला राहतात. मुलगी झाली, आणि काकू दोन-अडीच महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या. जाताना डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेप, सगळं बांधून नेलं. एकाच गोष्टीची तयारी त्यांनी केली नव्हती. सोनमने हॉलमधल्या टीव्हीला चादर घालून ठेवली होती.

“मम्मी, बाळासमोर स्क्रीन बिल्कुल नको. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“अगं, तिला अजून माणसं दिसत नाहीत नीट. तिला वैदेही काय दिसणार आहे?”

“नको म्हणजे नको. तुला बघायचंच असेल तर खाली पार्कात जाऊन मोबाईलवर बघ.”

काकूंनी तेही करून पाहिलं. पण मोबाईलवर वैदेही मुंगीएवढी दिसायची आणि पार्कातल्या बायका सारख्या बोलायला यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि हुकूम सोडला. रोज मालिका बघायची, आणि काकू संध्याकाळच्या फेरीला खाली उतरल्या की फोनवर सगळं सांगायचं.

“मी? तुझी ती रडकी वैदेही?” संपतराव म्हणाले.

“मी तुमच्या लेकीचं बाळंतपण करतेय. तुम्हाला अर्धा तास टीव्ही बघवत नाही?”

त्या संध्याकाळी सुभेदारांनी चष्मा पुसला, टीव्हीसमोर ताठ बसले आणि मालिका संपल्यावर फोन केला.

“हां. वैदेही ठीक आहे. सासू नाराज. नवरा बाहेरगावी. बाकी शांतता.”

“एवढंच?”

“एवढंच झालं. उरलेला वेळ जाहिराती.”

“अहो, वैदेही नेसली काय होती? अक्कासाहेब रागावल्या म्हणजे कशा, ओरडल्या का नुसत्या बघत राहिल्या? तुम्हाला गोष्ट सांगता येत नाही का?”

खरं म्हणजे नाहीच येत, असं दोघांचंही मत होतं. नोकरीतली कितीतरी वर्षं संपतराव सीमेवर आणि काकू मुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या छावणीच्या क्वार्टरमध्ये. त्या काळात त्यांचा फोन यायचा तो दोन वाक्यांचा. “बरं आहे ना? काळजी घे.” झालं. काकू मला एकदा हसत म्हणाल्या होत्या, “आमच्या ह्यांच्या फोनपेक्षा राँग नंबर जास्त वेळ बोलायचा.”

पण हुकूम तो हुकूम. सुभेदार मन लावून मालिका बघू लागले, आणि बघता बघता त्यांचं डोकं फिरायला लागलं. सकाळी लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे तक्रार.

“उन्नतीताई, आठवडा झाला, नुसती हळद चालली आहे. तेवढ्यात आमची अख्खी बटालियन हलायची! आणि ती सासू झोपताना पण सगळे दागिने घालते. टोचत नसतील? कुणी एक वाक्य बोललं, की सगळ्यांचे चेहरे आळीपाळीने तीन तीनदा. मी काय ओळख परेडला बसलोय?”

“मग काकूंना काय सांगता?”

“काय सांगणार? हळद.”

आणि एक दिवस त्यांची मालिका बुडाली. त्यांच्या पलटणीतला एक जुना दोस्त गावाकडून आला होता. रात्रीच्या गाडीने पुढे पठाणकोटला जायचा होता, म्हणून संपतराव त्याला स्टेशनवर भेटायला गेले. बोलता बोलता संध्याकाळ सरली. परत येताना मेट्रोतच काकूंचा फोन आला.

“हां, सांगा.”

मालिका चुकली असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, “दोस्ताला भेटायला वेळ आहे, आणि माझ्या एका कामाला नाही, हे ऐकावं लागलं असतं. ते मी आयुष्यभर ऐकलंय.” त्यामुळे मेट्रोच्या दाराशी उभं राहून, एका हाताने दांडी धरून, सुभेदारांनी पहिल्यांदा गोष्ट रचली.

वैदेहीच्या बंगल्यात मारुती नावाचा एक ड्रायव्हर होता. मालिकेत त्याचं काम एवढंच, की दारात यायचं आणि “गाडी काढू का, मालक?” विचारायचं. संपतरावांना ऐन वेळी तेवढाच आठवला. त्यांनी सांगितलं, की अक्कासाहेबांनी वैदेहीला भर पंगतीत उठवलं, वैदेही मागच्या दाराने बाहेर पडली, आणि मारुती गाडी पुसत होता तो पुढे होऊन म्हणाला, “बाईसाहेब, या घरात मी बारा वर्षं गप्प आहे. पण आज नाही.”

“अगंबाई!” काकू पार्कात थबकल्याच. “मग?”

“मग... मग भाग संपला.”

“आज कुठे जरा गोष्ट पुढे सरकली,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही सांगितलंत पण छान.”

हे वाक्य सुभेदारांना चढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमानदारीत मालिका बघितली. त्यात पुन्हा हळदच होती, आता धाकट्या जावेची. फोन हातात घेतला आणि ते सरळ म्हणाले, “तर मारुती काय बोलला, ऐक.”

त्यानंतर खऱ्या मालिकेकडे मागे वळून बघणं नाही. मारुती मराठा पलटणीतला निवृत्त फौजी निघाला. वारलेल्या थोरल्या मालकांनी मृत्युपत्रात बंगल्याचा अर्धा हिस्सा वैदेहीच्या नावे केल्याचं त्याला ठाऊक होतं. अक्कासाहेबांनी त्याला नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. मग त्यांच्याही माहेरच्या हालअपेष्टांची गोष्ट निघाली. वैदेहीने बंगला सोडून गावात शिवणकामाचं दुकान टाकलं. मध्येच एक डाकूंची टोळीही येऊन गेली.

याच सुमारास त्यांनी मला एका संध्याकाळी दारातच गाठलं. चेहरा गंभीर.

“ताई, तुम्ही कायद्यातल्या. मृत्युपत्राला सासूनं आव्हान दिलं, तर सून कोर्टात टिकेल का?”

मी मनात म्हटलं, काटकरांच्या गावाकडे जमिनीवरून काहीतरी पेटलंय. “काका, आत या, बसा. कुणाची केस आहे? मृत्युपत्र नोंदवलेलं आहे का? साक्षीदार कोण?”

“साक्षीदार मारुती.”

“हा मारुती कोण? तुमचा भाऊ?”

“ड्रायव्हर आहे. अक्कासाहेबांचा.”

पुढचं सगळं ऐकून मी सोफ्यावर लोळून हसले. पण सल्लाही दिला. साक्षीदाराला स्वतःला त्या मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, एवढं सांगितलं. सुभेदार विचारात पडले. “च्यक्. मी त्याला गॅरेजवरची खोली दिलीय. ती काढून घ्यावी लागेल.” त्या दिवसापासून मी या कटात सामील झाले.

तिकडे फरीदाबादला या गोष्टीने भलतंच मूळ धरलं होतं. काकूंचा फोन संपला, की पार्कातल्या बाकावर बसणाऱ्या बायका विचारायच्या, “भाभीजी, आज क्या हुआ?” आणि काकू आपल्या छावणीत कमावलेल्या हिंदीत सगळं सांगायच्या. एक हरियाणवी ताई होत्या, दोन पंजाबी आज्या, एक बंगाली मास्तरीण. मारुती सगळ्यांचा लाडका झाला होता. डाकू आले त्या दिवशी तर हरियाणवी ताईंनी घरी दूध उतू घालवलं. सोनमसुद्धा बाळाला पाजताना विचारायची, “मम्मी, वैदेहीच्या दुकानाचं काय झालं?”

अशात एक दिवस पार्कात रुचिता नावाची एक मराठी मुलगी आली. पलीकडच्या सोसायटीत राहणारी, नव्याने बदली होऊन आलेली. मराठी कानावर पडताच ती बाकापाशी थांबली, आणि ‘तुळशीकाठची वैदेही’ हे नाव ऐकून खूश झाली.

“काकू, तुम्हीपण बघता? मी एक भाग सोडत नाही. काय रटाळ झालीय ना पण! धाकट्या जावेची हळद संपतच नाहीये.”

“हळद कुठली? ती तर केव्हाच मागे पडली. मारुतीची कोर्टात साक्ष आहे ना उद्या.”

“कोण मारुती?”

“अगं, ड्रायव्हर!”

रुचिताने जरा आठवून बघितलं. “तो गाडी काढू का म्हणतो, तो? काकू, तो तर याशिवाय काही बोलतच नाही.”

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हासुद्धा त्यांचे कान लाल झाले होते. बायकांसमोर त्यांनी कसंबसं सावरलं. तिची मालिका वेगळी असेल, असं काहीतरी पुटपुटल्या. पण आतून तापल्या होत्या. एवढे दिवस हा माणूस मला उल्लू बनवत होता? आणि मी वेडी, त्याच्या थापा चारचौघीत वाटत होते? ‘आज फोन येऊ दे,’ असं म्हणत त्या पार्काला फेऱ्या घालत राहिल्या.

फोन आला. काकूंनी ठरवलं होतं, की आधी बोलू द्यायचं आणि मग मुद्देमालासकट पकडायचं.

“आज कोर्टात काय झालं माहितेय?” संपतराव म्हणाले. “वकिलानं मारुतीला विचारलं, तू या सुनेसाठी एवढं का करतोस? तुझी कोण लागते ती? तेव्हा मारुती म्हणाला, साहेब, मी फौजेत होतो. बायको-पोरं झाशीजवळ, बबिन्याच्या छावणीत, क्वार्टरमध्ये. एकदा माझा पोरगा पेरूच्या झाडावरून पडला. हात मोडला. बाहेर मुसळधार पाऊस, गाडी नाही, शेजारी कुणी नाही. माझ्या बायकोनं त्याला पाठीला बांधलं, धाकटीला कडेवर घेतलं आणि निमूट चालत मिलिटरी हॉस्पिटल गाठलं. त्या आठवड्यात मी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, पोरं मजेत आहेत.”

काकू फेरी थांबवून बाकावर टेकल्या.

“ऐकतेस ना?”

“हं.”

“तर मारुती म्हणाला, मला ते दुसऱ्या एका जवानानं सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं. पण पुढच्या फोनला मी तिला एवढंच म्हटलं, काळजी घे. कारण मागे लाईन लागलेली असायची, साहेब. पन्नास जण कान देऊन उभे. त्यांच्यासमोर बायकोला काय सांगणार? आणि मग घरी गेलो तेव्हा बोलायची सवयच राहिली नव्हती. आता या घरातली सून एकटी झगडताना बघतो, तेव्हा मला तीच बाई दिसते. म्हणून साक्ष देतोय.”

“मग?” काकूंनी विचारलं.

“मग भाग संपला.”

राजवर्धनचा तो मोडलेला हात आजही थोडा वाकडा आहे. तो खेळताना मोडला, यापलीकडे बबिन्याच्या त्या पावसातली गोष्ट काकूंनी नवऱ्याला कधीच सांगितली नव्हती. आणि संपतरावांना ती कळली असेल, असंही त्यांना वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “उन्नती, मी भांडायला बसले होते गं. एकेक वाक्य घोकून ठेवलं होतं. पण फोन ठेवून दिला. वर गेले, तर सोनम म्हणाली, मम्मी, डोळे का लाल? म्हटलं, आज मालिका चांगली झाली.”

त्यानंतरही रोज फोन येत राहिला आणि काकू रोज ऐकत राहिल्या. आता सगळं माहीत असून. उलट त्या खोदून खोदून विचारायला लागल्या, पण वैदेहीबद्दल नाही. “ती मारुतीची बायको, ती आता कुठे असते? तिचं पुढे काय झालं?” संपतराव गडबडायचे. “बघू. अजून दाखवलं नाही.”

अखेर बाळ चांगलं बाळसं धरल्यावर काकू परत यायला निघाल्या. इकडे सुभेदारांचं धाबं दणाणलं. आदल्या दिवशी माझ्याकडे आले.

“ताई, डिश बंद पडली म्हणून सांगू का?”

“किती दिवस सांगाल?”

“मालिका संपेपर्यंत.”

“काका, ती मालिका तुमच्या-माझ्या पतवंडांपर्यंत चालेल.”

“मग उद्या संध्याकाळी तुम्ही चहाला या. परक्यासमोर ती जास्त बोलणार नाही.”

मी परकी नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण मी गेले. तमाशा चुकवायचा नव्हता. काकूंनी चहा ठेवला, भडंग केलं, आणि बरोबर वेळेला टीव्ही लावून पुढ्यात बसल्या. “आज तुम्हीपण बसा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आता तुम्हालाही गोडी लागलीय.” संपतराव खुर्चीच्या कडेला टेकले.

पडद्यावर बंगला आला. झेंडूच्या माळा, हळदीची ताटं. वैदेही डोळ्यात पाणी आणून कोपऱ्यात उभी.

“ही परत इथे कशी?” काकूंनी विचारलं. “दुकान कुणावर सोडून आली?”

“पाहुणी आली असेल. जावेच्या लग्नाला,” संपतराव म्हणाले.

मी भडंगाचा बकाणा भरला, हसू दाबायला. तेवढ्यात दारात मारुती आला. लेंगा-सदरा, खांद्यावर फडकं. “गाडी काढू का, मालक?” म्हणाला आणि निघून गेला.

“मारुती आज एवढाच बोलला?”

“त्याचा... घसा बसलाय.”

“कोर्टात फार बोलला म्हणून?”

“हो. म्हणजे तीन तास साक्ष झाली ना.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. मग मीही फुटले, भडंग सगळं सोफ्यावर. सुभेदार एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

“तुला ठाऊक होतं?”

“रुचिता भेटली त्या दिवशीच कळलं.”

“कोण रुचिता?”

काकूंनी सगळं सांगितलं. संपतरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “मग ऐकत कशाला राहिलीस?”

“तुम्ही बोलत होता ना,” काकू म्हणाल्या. “रोज अर्धा अर्धा तास. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्ही कधी बोललात एवढं?”

सुभेदारांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता. तरी तो तोंडाला लावला.

“पण एक सांगते,” काकूंनी सूर बदलला. “ते डाकूचं प्रकरण अगदी फालतू होतं. बंगल्यात सीसीटीव्ही आहे, दारात वॉचमन आहे, डाकू येतात कुठून?”

“त्या आठवड्यात मला काही सुचत नव्हतं,” संपतराव पडेल आवाजात म्हणाले.

“शिवणकामाचं दुकान आवडलं. अक्कासाहेबांची माहेरची गोष्ट पण छान. तिच्याबद्दल वाईट वाटलं मला, जे ह्या लोकांना एवढ्या भागांत जमलं नाही. पण मारुतीची बायको साफ चुकली.”

“काय चुकली?”

“फार सोशिक केलीत तिला. पाठीला पोर बांधून निमूट चालत गेली म्हणे. निमूट? मी त्या रात्री चालताना तुमच्या नावानं काय काय बोलले, तुम्हाला कल्पना आहे? तुम्हाला, तुमच्या त्या सीओला, मला हे स्थळ आणणाऱ्या मामाला, एकेकाचा उद्धार केला. धाकटी रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती.”

“काय म्हणालीस?”

“आता सांगू?”

“सांग की.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कपबशा गोळा केल्या आणि उठले. माझं दार उघडत होते, तोवर मागून काकूंचा चढा आवाज आणि सुभेदारांचं खो खो हसणं ऐकू येत होतं. मामांचा नंबर लागला असावा.

पुढच्या महिन्यात ‘तुळशीकाठची वैदेही’ अचानक बंद झाली. शेवटच्या भागात अक्कासाहेबांना एका रात्रीत पश्चात्ताप झाला, नवरा विमानतळावरून धावत आला आणि सगळ्यांनी मिळून आरती केली. काकूंनी निकाल दिला, “अगदीच टाकाऊ शेवट.” संपतराव त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांना हॉलमधली प्रवेशबंदी आता राहिलेली नाही. फक्त फौजी सिनेमा असेल तर त्यांनी तोंडात सुपारी धरायची, असं ठरलंय. ते जमत नाही, पण ठरलंय.

सोनम कामावर रुजू झाली, तेव्हा काकूंना पुन्हा फरीदाबादला काही दिवस राहायला जायचं होतं. या खेपेला सुभेदारही बॅग भरून निघाले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी त्यांना पार्कात नेलं. आधी त्यांनी बायकांना सगळं खरं सांगून टाकलं, की मारुती टीव्हीवरचा नाही, या माणसाच्या डोक्यातला. मला वाटलं होतं, बायका चिडतील. काकू सांगत होत्या, की कुणी चिडलं नाही. पंजाबी आज्यांनी सरकून बाकावर जागा केली आणि बंगाली मास्तरणीने विचारलं, “तो फिर केस का फैसला क्या हुआ?”

संपतराव उभ्याउभ्या घामाघूम झाले. अख्ख्या कंपनीला कवायत करवणारा माणूस, पण चार बायकांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. काकूंनी सुरुवात करून दिली. दोन वाक्यांत त्यांनी वैदेहीला सगळी इस्टेट मिळवून दिली, तेव्हा सुभेदारांना राहवेना.

“ऐसे कैसे? अपील नहीं होगी क्या?” म्हणत ते बाकावर बसले आणि बोलू लागले.

अंधार पडायला लागला तरी कुणी हललं नाही. शेवटी हरियाणवी ताईंनी आपलं मत सांगितलं. गोष्ट बढिया आहे, पण एक गोष्ट खटकते. एवढा हिंमतीचा मारुती मराठा पलटणीत कसा? त्याला जाट रेजिमेंटमध्ये दाखवायला हवं होतं.

“क्यूँ जी?” संपतराव उसळले. “मराठा पलटन में क्या हिम्मतवाले नहीं होते?”

सोनमने वरून गॅलरीतून हाक मारली, की बाळ झोपेला आलंय आणि जेवण थंड होतंय. काकू उठल्या, त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. पण ताईंनी तोवर आपल्या सासऱ्यांच्या पदकांची हकिगत सुरू केली होती, आणि सुभेदार म्हणत होते, “एक मिनट, शेवंता, पहले इनका सुन लेने दो.”